एप्रिलचे दोन ठिपके

जून, पहिला रविवार

बाई, तुम्हाला लिहायला फार वर्षं लावली, त्याबद्दल माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. बातमी कळली, गावाकडे यायचं ठरवलं आणि परीक्षा जवळ आली म्हणून आलो नाही. परीक्षेला तेव्हा महिना होता. एवढ्या उशिरा लिहायचं तर निदान नीट लिहावं, म्हणून सकाळपासून दोन कागद फाडले. हा तिसरा.

सातवीत तुम्ही आम्हाला आलेख शिकवलात तो पुस्तकातून नाही, शाळेच्या विहिरीवर. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी सगळा वर्ग विहिरीभोवती उभा राहायचा. दोरीला हाता-हातावर गाठी मारलेल्या होत्या आणि टोकाला दगड. दगड पाण्याला टेकला की दोरी ढिली पडायची आणि मग वर ओढताना गाठी मोजायच्या. दोरी माझ्या हातात असे. गाठी मोजायची माझ्याच बाकासमोर बसणारी मुलगी, मोठ्याने, आणि कुणी मध्ये बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. पुस्तकात शून्य खाली, कोपऱ्यात असतं. तुम्ही आम्हाला आडवा अक्ष कागदाच्या वरच्या बाजूला काढायला लावलात. कुणीतरी विचारलं तर म्हणालात, शून्य म्हणजे आपल्या विहिरीचा काठ आहे, विहीर कागदावर उलटी कशाला उभी करायची? तेव्हापासून आमच्या वर्गात पाणी खाली गेलं की रेघही खाली जायची. आजही मला पुस्तकातला आलेख क्षणभर उलटा वाटतो.

माझी रेघ वर्गात सगळ्यात चांगली होती, हे मला माहीत होतं. पेन्सिलीला सुईसारखं टोक, ठिपका बारीक, दोन ठिपके जोडताना पट्टी जरा मागे सरकवून ठेवायची, म्हणजे रेघ बरोबर ठिपक्याच्या मधून जाते. एका शनिवारी मी अंकुशनगरला मामांकडे जावळाला गेलो होतो. पुढच्या शनिवारी आलो, पाणी मोजलं, ठिपका दिला. मधला आठवडा रिकामा दिसत होता आणि तो मला बघवेना. बाजूच्या मुलाची वही मागितली असती तर झालं असतं. मी मागितली नाही. आधीचा आणि नंतरचा ठिपका पट्टीने जोडला आणि बरोबर मधोमध एक ठिपका ठेवून दिला. नंतर कळलं की त्या आठवड्यात शाळेच्या नव्या खोलीच्या बांधकामाला विहिरीतून पाणी उपसलं होतं. सगळ्यांच्या वहीत त्या शनिवारी रेघ खड्ड्यात उतरून पुन्हा वर आली होती. माझी तेवढी सरळ.

तुम्ही माझी वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, आता वर्गाला दाखवणार. दाखवलीत. म्हणालात, "रेघ देखणी हाये. पण तू त्या दिवशी इथं नव्हता." मग वही माझ्यासमोर ठेवून हळू आवाजात म्हणालात, "जिथं मोजलं न्हाई तिथं रेघ तोडायची. तुटकी रेघ खोटी नसती." ठिपका तुम्ही पुसू दिला नाहीत. त्याच्या खाली मला लिहायला लावलंत: या दिवशी मी नव्हतो. वर्गात कुणी हसलं नाही, ते मला जास्त लागलं. वर्ष संपताना तुम्ही तुमची लाकडी पट्टी मला दिलीत. एका टोकाला झिजलेली होती. शून्य काठावर राहिलेलं नाही, बघून लाव, एवढंच म्हणालात. तेव्हापासून गावात माझं नाव पट्टीवाला पडलं.

बाई, मी आता एका कार्यालयात आहे आणि माझ्या टेबलावर विहिरींच्याच नोंदी येतात. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी वस्त्यांवरच्या विहिरींची पातळी घ्यायची आणि आलेख काढून बैठकीत ठेवायचा. पाणी ठरलेल्या खोलीच्या खाली गेलं की त्या वस्तीला टँकर मंजूर होतो. काम एवढंच. यंदा एका वस्तीच्या विहिरीची मार्चची दोन्ही मापं होती. एप्रिलची दोन झाली नाहीत. बैठक आली. मी मार्चचे दोन ठिपके जोडले, पट्टी तशीच ठेवली आणि रेघ त्याच उताराने पुढे नेली. तीवर एप्रिलचे दोन ठिपके दिले. संगणकावर एका झटक्यात होतं ते, मी मात्र हाताने काढलं, कारण आमच्या साहेबांना माझ्या हातचा आलेख आवडतो. साहेबांनी बोट ठेवून विचारलं, एप्रिलचं माप आहे का? मी म्हणालो, आहे ना साहेब. रेघ ठरलेल्या खोलीच्या जरा वर थांबत होती. त्या वस्तीचं नाव यादीतून पुढच्या बैठकीवर गेलं.

तिकडे आजूबाजूच्या मोसंबीच्या बागांनी एप्रिलच्या सुरुवातीलाच उपसा वाढवला होता. विहिरीचा तळ दिसत होता. हे मला नंतर कळलं, आणि जिने सांगितलं ती तुमच्या ओळखीची आहे. गेल्या मंगळवारी अंबडच्या स्टँडवर मी बसची वाट बघत होतो. मागून आवाज आला, "काय पट्टीवाल्या, वळख हाये का?" वळून बघतो तर गाठी मोजणारी ती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. त्या वस्तीवर तिचं सासर आहे हे मला माहीत नव्हतं. मला फक्त विहिरीचा क्रमांक माहीत होता.

ती सांगत होती आणि हसत होती. विहीर आटली म्हणून बाया लांबच्या एका शेतातल्या विहिरीवर जायला लागल्या होत्या. तिथं काठावरचे दगड सुटलेले. घागर भरून वळताना तिचा पाय गेला, नशिबाने बाहेरच्या बाजूला पडली. हात दोन ठिकाणी मोडला. टँकर आला, पण ती पडल्यावर नवव्या दिवशी. "हापिसातून कागद आल्ता म्हणं, आमच्या हिरीला पाणी हाये म्हणून," ती म्हणाली. "आमी म्हन्लं, मंग त्या कागदालाच घागर लावू." मग ती म्हणाली, "त्यो कागद तू काढला असता तं बराबर काढला असता. बाई तुला तवा बोलल्या, तवापासून तू सुधारला." तिची गाडी लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली आणि म्हणालो, ऊन फार आहे, हाताला जप. तीस वर्षांनी भेटलेल्या माणसाला मी हे म्हणालो.

घरी आल्यावर पट्टी शोधली. कपाटात आहे, सापडायला वेळ लागला नाही. तेव्हापासून मनाला समजावून बघतोय. साहेबांनी जास्त विचारलं नाही. आकडा अगदी थोडा चुकला. तिच्याऐवजी दुसरं कुणी पडलं असतं. हे तिसरं मनात आलं तेव्हा मी उठून पाणी ओतून घेतलं आणि पेला तसाच ठेवून दिला.

वरचं सगळं आत्ता परत वाचलं. मी लिहिलंय, एप्रिलची दोन मापं झाली नाहीत. बाई, ही रेघसुद्धा मी पट्टी लावूनच काढली. झाली नाहीत म्हणजे काय? घ्यायला मीच जायचं होतं. पहिल्या वेळी मोटारसायकल दुरुस्तीला होती, ती दुसऱ्या दिवशी मिळाली. दुसऱ्या वेळी काहीच नव्हतं. ऊन होतं. मी वस्तीच्या फाट्यापर्यंत गेलो, चहा घेतला आणि परत आलो. फाट्यापासून विहीर चालत दहा मिनिटांवर आहे.

तिला सांगायचं आहे. पण खाली उद्याचं काम लिहितोय, त्यात ते लिहीत नाही. लिहिलं की मला ते निम्मं झाल्यासारखं वाटतं, ही माझी जुनी खोड आहे. हे पत्रसुद्धा त्यातलंच आहे, हे मला कळतं.

उद्या: फायलीतून आलेख बाहेर काढून एप्रिलच्या दोन्ही ठिपक्यांखाली पेनने लिहायचं, या दिवशी मी गेलो नव्हतो. खाली सही करून साहेबांच्या टेबलावर ठेवायचं.