सेकंड शिफ्टसाठी लिहिलेली मालिका

बाबा,

तुमची मालिका परत आली आहे. वाहिनीनं तिचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे भाग इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. ज्याला हवे त्यानं, हवे तेव्हा बघावेत. आपल्या धाकटीनं कुम्हारीहून फोन करून सांगितलं आणि मी स्वतः लावून खात्री करून घेतली. तुम्ही स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाला होतात, "या घरात आता ते सीरियल नाही." त्याला वीस वर्षं होऊन गेली. मालिकेचा शेवट न बघताच तुम्ही गेलात. आता मी तो बघणार आहे आणि तुमच्यासाठी लिहून ठेवणार आहे. तुमचा हुकूम मोडते आहे, हे आधीच सांगून टाकते.

छत्तीसगड नवं नवं झालं होतं त्या दिवसांतली गोष्ट. आपल्या क्वार्टरमधल्या केबलवर मराठी वाहिनी लागायची, तुमच्या पाळीतल्या इतरांकडे नाही, कारण आपला केबलवाला वेगळा होता. रोज संध्याकाळी साडेसातला ती मालिका. एका लहान गावातला शाळामास्तर, त्याच्या दोन मुली, थोरलीला परगावी नोकरी करायची आहे आणि मास्तरचा नकार आहे. तुम्ही पोलादाच्या मिलमध्ये क्रेन चालवणारे, मालिका बायकांनी बघायच्या असं म्हणणारे. पण या मास्तरनं तुम्हाला धरून ठेवलं. "आपल्यासारखंच बोलते थो," म्हणायचात. तो मुळीच आपल्यासारखं बोलत नव्हता, चांगलं पुस्तकी बोलायचा. पण त्याच्या घरात हिंदी नव्हतं, आणि तेवढं तुम्हाला पुरत होतं.

अडचण सेकंड शिफ्टची. दोन ते दहा तुम्ही क्रेनच्या केबिनमध्ये, मग साडेसातचं कोण बघणार? म्हणून त्या आठवड्यात मी बघायचं, वहीत लिहायचं, आणि सकाळी चहाबरोबर तुम्ही वाचायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी मी दोन पानं भरून लिहिलं. तुम्ही चष्मा लावून वाचताय, मी समोर उभी आहे, शाबासकीची वाट बघत. वही खाली ठेवून तुम्ही म्हणता, "हे काय होय? पुढच्या पाळीले चार्ज देतानी असं लिवत असते काय? आधी आताची हालत लिव. मंग कोनं पायली ते लिव. मंग पुढच्या पाळीत काय होनार ते लिव. तुले काय वाटते, ते कोनी इचारून नाही रायलं."

तेव्हापासून मी मालिकेचं लॉगबुक लिहायला लागले. "मास्तर अजून नाही म्हणतो. पाहिलं मी आणि आईनं. उद्या थोरली मामाला मध्ये घालणार असं दिसतं." तुम्ही ते पाठ करून कारखान्यात न्यायचात. तिथं भंडारा-गोंदियाकडचे तुमचे चार दोस्त डबा उघडून वाट बघत बसलेले असायचे. आपल्या घरात लिहिलेल्या चार ओळींवर पाच माणसांची मालिका चालायची.

आणि मग तो मंगळवार आला.

त्या दिवशी मी दुर्गला गेले होते. पद्मनाभपुरात एका घराच्या खालच्या मजल्यावर एका हिंदी दैनिकाचं ऑफिस होतं आणि तिथं भरतीची लेखी परीक्षा होती. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी बी.एड. करून मास्तरीण व्हावं हे तुम्ही ठरवून टाकलं होतं. आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. परतताना टेम्पो मिळाला नाही आणि घरी पोचले तेव्हा मालिका संपली होती. आईनंही बघितली नव्हती, ती धाकटीला घेऊन शेजारी बारशाला गेली होती. वही रिकामी सापडली असती तर तुम्ही पहिलं विचारलं असतं, "कुठं होती?" म्हणून मी एक भाग रचला. थोरली पहाटे पिशवी घेऊन बस स्टँडवर जाते. मास्तर मागून येतो. आता ओढून घरी नेणार असं वाटतं, पण तो पिशवी उचलून बसमध्ये ठेवतो आणि म्हणतो, पोचल्यावर पत्र टाक. खाली लिहिलं, "पाहिलं मी."

तुम्ही सकाळी ते दोनदा वाचलंत. चहा थंड झाला.

बुधवारी मी टीव्ही लावला तर थोरली स्वयंपाकघरात पोहे परतत होती. मग मला लिहावं लागलं की बस बिघडली, म्हणून ती परत आली. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "सकाळची पयली बस, अन् लगेच बिघडली?"

"बिघडते कधी कधी," मी म्हटलं.

गुरुवारी तुमच्या एका दोस्ताची सासू भंडाऱ्याहून मुक्कामाला आली. तीही मालिका चुकवायची नाही. डब्यावर ऐकलेली बसची गोष्ट जावयानं तिला मोठ्या रंगात सांगितली, तर ती म्हणाली, "काईच्या काई काय सांगता जी जावई? मास्तर त घरीच होता. ताप आला होता त्याले. पुरा वेळ घोंगडी घेऊन पडून होता." दुसऱ्या दिवशी कारखान्यात तुम्ही जिना चढून केबिनकडे निघालात, तर खालून आवाज आला, "काय जी डायरेक्टर साहेब, आज मास्तरले कोन्त्या गाडीत बसवता?" हे नाव तुम्ही रिटायर होईपर्यंत टिकलं. तुमच्या निरोप समारंभातही एकानं तसंच पुकारलं आणि सगळे हसले. तुम्ही नाही हसलात.

शनिवारी सकाळी आई भाजीसाठी मुनग्याच्या शेंगा सोलत होती. तुम्ही वही ओट्यावर ठेवली. मला वाटलं ओरडाल. तुम्ही हळू बोललात आणि तेच वाईट झालं. "क्रेनच्या खाली माणूस असते. लॉगबुकात ब्रेक ठीक लिवला अन् ब्रेक ठीक नसला, त खालचा माणूस मरते. मी तीस वर्षं झाले वरून पाहून रायलो."

मी म्हटलं, "बाबा, हे सीरियल आहे. याच्या खाली कोनी उभं नाही."

"मी होतो ना उभा," तुम्ही म्हणालात. आणि मग तो हुकूम.

मालिका पुढं वर्षभर चालली. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात साडेसातला तुम्ही घरी असायचात, पण टीव्हीला हात लावत नव्हतात. बाहेर जाऊन पेरूच्या झाडाला पाणी घालायचात, पावसाळ्यातसुद्धा. मीही बघायचं सोडलं. तुम्ही विचारलं असतंत तर मी लिहिलं असतं, मी लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतंत, पण दोघंही एकाच मातीचे. दैनिकाची नोकरी मला लागली आणि ती मी तुम्हाला न विचारता घेतली. तुम्ही एवढंच म्हणालात, "करा." कधी नाही ते अहोजाहो करून.

आता माझं ऐका. मी माफी मागायला हे लिहीत नाही. मी खोटं लिहिलं, ही चूक. ती तेव्हाही मान्य होती. पण त्या वयात खरं सांगायला जागाच नव्हती, ती तुम्ही ठेवली नव्हती. मिलमध्ये ब्रेकची तक्रार लिहिणाऱ्याला कुणी बाहेर काढत नाही. आपल्या घरात मला तीच भीती होती. आणि परवा तो मंगळवारचा भाग मी काढून बघितला. तुमच्या दोस्ताच्या सासूचं बरोबर होतं. मास्तर बावीस मिनिटं घोंगडी घेऊन पडला आहे आणि मुली काढा करताहेत. माझा भाग चांगला होता, बाबा. आजही म्हणते. तुम्ही तो दोनदा वाचला होतात, आणि बस बिघडेपर्यंत तुम्हालाही तो खरा वाटला होता, कारण त्यात मास्तरनं केलं ते तुमच्या हातून होण्यासारखं होतं. केलं नाहीत, एवढंच.

बातम्यांच्या टेबलावर तेवीस वर्षं काढली. आधी आताची हालत, मग कोणी पाहिली, मग पुढं काय होणार. नव्या पोरांना मी हेच शिकवते. एकदा संपादकांनी विचारलं, "ये किसने सिखाया आपको?" मी म्हटलं, "किसी ने नहीं." तेव्हा राग होता. तो थोडा अजून आहे.

तुम्ही सोडलं तिथपासून मी रोज सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, दोन-तीन भाग बघते आणि वहीत चार-चार ओळी लिहिते. तुमच्याच पद्धतीनं, माझं मत न घालता. धाकटी हसते. "कोनाले देनार आहे हे? कावून लिवून रायली?" मी सांगते, चार्ज द्यायचा राहिला आहे. वही कुठं पाठवायची नाही, आणि हे पत्रही त्याच वहीत राहील.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते, नाही तर तुम्ही पुन्हा खाली उभे राहाल. थोरली शेवटी नोकरीला जाते, त्यानंतरच्या पावसाळ्याच्या भागांत एके ठिकाणी मी लिहिलं आहे की थोरलीची पत्रं मास्तर उशाखाली ठेवतो. तो ठेवत नाही. ती पत्रं तो वाचतसुद्धा नाही. ते मी घातलं, आणि खोडणार नाही.

आताची हालत अशी: एकच भाग उरला आहे. थोरली चार वर्षांनी गावी आली आहे, दाराशी उभी आहे, आत मास्तर खोकतो आहे. पाहिलं मी. शेवटचा भाग रविवारी दुपारी धाकटी आली की दोघी बघू. मास्तर उठून दार उघडेल असं दिसतं. नाही उघडलं, तर नाही उघडलं असंच लिहीन. आणि त्याखाली एक ओळ सोडून, माझ्या नावानं लिहून, दार मीच उघडीन.