दालन क्रमांक चारचे दार परत न मागण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
दालन क्रमांक चार, पहिला मजला
(सध्या दार नसलेले)

विषय : सदर दार आहे त्या स्थितीत, म्हणजे पाळण्याच्या स्थितीत, अर्जदाराकडे राहू देण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, 'दार सात दिवसांत मूळ स्वरूपात जमा करावे.'

महोदय,

१. अर्जदार सेवानिवृत्त ग्रंथपाल असून टाकून दिलेल्या लाकडाच्या वस्तू करणे हा त्याचा छंद आहे. घरात त्यास 'भंगारसुतार' म्हणतात. हे नाव सौभाग्यवतींनी दिलेले असल्यामुळे त्यावर अपील चालत नाही.

२. कार्यालयामागील मोडके लाकूड उचलण्याची लेखी परवानगी आपणच दिली होती. त्या ढिगाला टेकून एक दार उभे होते, अंगावर हिरव्या रंगाचे चार थर. अर्जदाराने खालच्या कडेचा नखाएवढा रंग पटाशीने खरवडला. आत सोनेरी तपकिरी लाकूड, बोटाला तेलकट, वास नव्या चपलेसारखा. पाण्याचा थेंब टाकला, तोही जिरेना. जुना साग! अर्जदाराचा आनंद गगनात मावेना. दारावर पितळी ४ होता हे खरे आहे, परंतु साग दिसल्यावर माणसाला आकडे दिसत नाहीत. ते दार रंगवण्यासाठी खाली उतरवून ठेवले होते, हे आपल्या नोटिशीवरून कळले.

३. पहारेकऱ्यास रीतसर विचारले होते. "न्या काका, तेवढीच जागा मोकळी," असे म्हणून त्याने हातगाडीवर चढवायला हातही लावला. त्याचा यात काही दोष नाही. त्यास रागावू नये ही विनंती.

४. घरी आणून अर्जदाराने दारावर लोहचुंबक फिरवले, लपलेले अकरा खिळे काढले, रंधा मारला आणि पाळणा केला. त्या दिवसांत त्याची नात, वेळेआधी जन्मलेली, दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. हात रिकामे राहिले की मनात नको नको ते येई. अर्जदार फार घाबरला होता. नात आता घरी आली आहे. विकतच्या पाळण्यात ती घर डोक्यावर घेते, आपल्या दारात मात्र गाढ झोपते.

५. मूळ स्वरूप देणे आता शक्य नाही. रंध्याखालचा भुसा पुन्हा चिकटत नाही. सबब अर्जदार आपल्या घराचे पुढचे दार कार्यालयास देऊ इच्छितो. आपण जेवायला गेला असता आपली चौकट मोजून घेतली. अडवायला दार नव्हते. माप तंतोतंत जुळते.

६. ते दार आज सकाळीच काढून कार्यालयाच्या जिन्याखाली आणून ठेवले आहे. ते भंगार नाही, हे पहारेकऱ्यास दोनदा सांगितले आहे. सौभाग्यवती सकाळपासून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या आहेत आणि अर्जदाराशी बोलत नाहीत.

७. इतके करूनही पाळणाच हवा असल्यास माणूस पाठवावा. घर उघडेच आहे, त्यास कोणी अडवणार नाही. फक्त आधी नातीला उचलून बाजूला ठेवावे लागेल. ते काम आपल्या माणसानेच करावे. अर्जदाराच्याने ते होणार नाही.

आपला नम्र आणि तूर्त बिनदाराचा,
(सही)
अर्जदार

दिनांक : मुदतीचा सातवा दिवस

सोबत :
१. परवानगीची प्रत
२. बिजागऱ्या तीन, कडी एक
३. पितळी ४, घासून चकचकीत केलेला