गावाने दिलेली माफी

साहेब,

तुम्ही गेलात त्याला दहाएक वर्षं झाली. आता तुमचं आत्मचरित्र छापलं जातंय. तुमच्या मुलाने छापखान्यातले कच्चे कागद माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला दिलेत. बारावी अर्धवट सोडलेल्या माणसाकडे हे काम आलं ते तुमच्यामुळेच. आंबोलीला येऊन राहिल्यावर तुमचा हात थरथरायला लागला आणि तुम्ही मला लिहायला बसवलंत. तुम्ही एकेकाळचे मंत्री, पक्षाने काढून टाकलेले. मालवणकडच्या स्वतःच्या गावातही तुम्हाला जाता येत नव्हतं, कारण गुरं चरायचा सडा, म्हणजे गावावरचा कातळमाळ, तुम्हीच बंदराच्या नावाने देऊन टाकला होता.

सकाळी आत्मचरित्र सांगायचात, दुपारी मुंबईच्या जुन्या मित्राला पत्र. कागद इतके दमट असायचे की शेगडीवर धरल्याशिवाय शाई फुटायची थांबत नसे. सकाळी तुमचे सगळे निर्णय लोकहिताचे असत. दुपारी तुम्ही लिहवायचात, की राजकारणात माणूस आधी घाबरतो आणि मग तत्त्वं शोधतो. मग हसून म्हणायचात, "ह्या सकाळच्या वहीत घालू नको हां रे."

माझे बाबा तुमच्याच गावातले, तुमचे जुने कार्यकर्ते. जत्रेच्या दिवशी त्यांनी मानकऱ्यांना विनवून तुमच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालून घेतलं. चुकला असला तरी लेकरू तुझंच आहे, त्याला पदरात घे, असं मानकऱ्याने म्हटलं आणि सगळं देऊळ "व्हय म्हाराजा" म्हणालं. ज्यांची गुरं विकली गेली होती, तेही म्हणाले. तुम्ही येऊन देवापुढचा नारळ स्वतःच्या हाताने उचलायचा की माफी पुरी, एवढंच उरलं होतं. साहेब आज येणार, असा शब्द बाबांनी देवासमोर दिला.

त्याच दिवशी आपण आंबोलीहून निघालो. सावंतवाडीत गाडी तलावाकाठी थांबली आहे. तुमच्या कानाला फोन आहे, पक्षात परत घ्यायचं बोलणं चाललंय म्हणून मुंबईहून कोणी सांगतंय. अशा वेळी देवळात माफी मागताना दिसायला नको, असं म्हणून तुम्ही गाडी पुन्हा घाटाकडे वळवायला लावता. पुढे पक्षानेही तुम्हाला घेतलं नाही. इकडे बाबा नारळाजवळ बसून राहिले. लोक आधी थांबले, मग थट्टा सुरू झाली. "काय रे, सायब इलो? नारळाक कोंब इलो." तेव्हापासून बाबा गाऱ्हाण्याला उभे राहत नाहीत. बाहेर पायरीवर बसतात.

पुस्तकात छापलंय, "गावाने मला अखेरपर्यंत क्षमा केली नाही." आपण घाटातून परतल्यावर तुम्ही मित्राला लिहवलं होतंत, "गाव दार उघडून बसलं होतं. मीच वाटेतून फिरलो आणि एका भल्या माणसाचा शब्द घालवला." पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे आहे. माझीच काही चूक नाही ना, म्हणून सकाळच्या वहीशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. दोन्ही वाक्यं माझ्याच हातची.

तुमच्या मुलाला तो कागद दाखवला. तो म्हणाला, खाजगी पत्रं वेगळी आणि पुस्तक वेगळं. बाबांना ते पत्र वाचून दाखवायला गेलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. "मेलेल्या माणसाक आता कित्याक उभो करतंस?" असं म्हणून ते काजू निवडत राहिले. बऱ्याच वेळाने मान वर न करता विचारलं, "भलो माणूस, असां सायबान सांगल्यान?"

छापखान्याचे कागद उद्या परत द्यायचे आहेत. छापलेलं वाक्य मी खोडलंय आणि समासात पत्रातलं लिहिलंय, स्वच्छ अक्षरात. तुमचा मुलगा ते काढून टाकेल आणि मला पुन्हा काम देणार नाही. बाबांसाठी केलं, असं आईला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. तुमच्यावर एवढा राग असूनही, तुमचं पुस्तक खोटं निघालेलं मला बघवत नाही.