सात नंबरच्या संगणकावरून आत्यास

तीर्थरूप आत्यास (जाऊन तीन वर्षं झालेल्या माणसाला तीर्थरूप लिहितात का, हे विचारायला घरात आता तूच नाहीस) शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी प्रकृती कशी आहे, असं लिहून गेलो आणि खोडलं. मग पुन्हा लिहिलं, कारण गेल्या आठवड्यात जे पाहिलं त्यावरून तुझं अक्षर तरी ठणठणीत आहे. इकडे सगळे खुशाल. माझं वजन वाढलंय, केस उतरलेत, आणि ज्या शाळेत तू तीस वर्षं भाषा शिकवलीस तिथेच मी संगणकाच्या खोलीचा राजा आहे.

राजा म्हणजे काय, तर द्वारपाल. मुलांनी इंटरनेटवर भलतंसलतं बघू नये म्हणून मी अशी जाळी लावली आहे की फक्त चौदा पानं उघडतात. (जाळी इतकी बारीक की जीवशास्त्राच्या बाईंना बेडकाचं जठर दिसेना आणि मुख्याध्यापिकाबाईंचं परिपत्रक त्यांचं त्यांनाच उघडेना.) शिवाय दर मंगळवारी मी कॉपीराइटचा तास घेतो. इंटरनेटवर दिसलं म्हणजे ते रस्त्यावर पडलेलं नव्हे. ज्याने लिहिलं त्याचंच ते असतं. तो गेला म्हणून त्याचा हक्क त्याच्याबरोबर जात नाही. दोन ओळी घेतल्या तर त्याचं नाव द्या, अख्खं घ्यायचं तर लेखी परवानगी आणा. हे मी इतक्या तळमळीने सांगतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात. परवानगीशिवाय उतरवलं तर शाळेतून नाव कमी, हा नियमही माझाच.

तर आठवीतल्या एका मुलीने निबंध दिला. अबोल पोर, डबा एकटीच खाते. विषय 'मी कुलूप झाले तर'. नक्कल पकडणाऱ्या माझ्या प्रोग्रामने तो लालभडक केला आणि मूळ दाखवलं: शाळेचं जुनं वार्षिक (मीच हौसेने संगणकात चढवलेलं), पान एकवीस, पहिलं बक्षीस, लेखक मी! होय, तोच निबंध, जो तू मला प्रेमाने लिहून दिला होतास. मला आधी हसू आलं. मग तिचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. 'कुलूप कुणाला अडवत नाही, ते आपल्या किल्लीची वाट बघत असतं', असा सुरू होणारा. तो वार्षिकात नाहीच. हात दुखतो म्हणून मी तो उतरवलाच नव्हता, आत्या. तो फक्त तुझ्या वहीत होता, आणि ती वही आम्ही तुझ्यासोबतच अग्नीला दिली.

मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सर, सात नंबरवर येतं ते. एक बाई सावकाश एकेक ओळ लिहितात. मी मागे राहिले तर थांबतात." मी म्हटलं, चौदा पानांबाहेरचं काही उघडतच नाही. त्यावर ती म्हणाली, "मी उघडत नाही सर. ते उघडंच असतं."

मधल्या सुट्टीत, चांगलं लख्ख ऊन असताना, मी सात नंबरसमोर बसलो. इंटरनेटची वायर काढून हातात धरली (जणू सापाची मान धरलीय, इतकी घट्ट). तरी पान आलं. निळीकाळी शाई, तुझी ती लांब ओढलेली वेलांटी, आणि समासात तारीख, त्याच दिवसाची. खोलीत खडूचा वास आला; आमच्याकडे खडू बंद होऊन दहा वर्षं झाली. एक ओळ उमटली आणि थांबली. मी ती उतरवून घेईपर्यंत थांबली, मग पुढची आली. माझी बोबडी वळली हे कबूल करतो. पण भीतीपेक्षा तुझी आठवण जास्त आली.

प्रोग्रामचा लाल अहवाल मुख्याध्यापिकाबाईंकडेही जातो, आणि त्या नियमाला पक्क्या. उद्या शाळा सुटेपर्यंत मूळ लेखकाची लेखी परवानगी आली नाही तर मुलीचं नाव कमी. त्यांच्या लेखी मूळ लेखक मीच, तेव्हा मी दोन ओळी खरडल्या की झालं. मी पेन उघडलंसुद्धा. तेवढ्यात ती पोर हळूच म्हणाली, "पण सर, ते तर त्या बाईंचं आहे ना?" माझ्याच तासाला शिकलेलं माझ्याच पदरात घातलं. मी पेन बंद केलं आणि तुला लिहायला बसलो.

तिकडच्या सर्व थोरांना नमस्कार. (लहान कोणी नसावेत, अशी आशा आहे.)

तुझा भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. मुलीला लेखी परवानगी दे. आणि लिहितेच आहेस तर त्याच कागदावर 'हा निबंध मी भाच्याला स्वखुशीने दिला होता' अशी एक ओळ घाल. मला या शाळेत अजून सात वर्षं काढायची आहेत. पत्र सात नंबरवरच टाइप केलंय, कारण तुझा दुसरा पत्ता माहीत नाही.

ता. क. दुसरा. हे हाताने लिहितोय. पत्र छापून काढलं. आमच्या प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई आहे. तरी 'प्रेमाने लिहून दिला होतास' याखाली लाल रेघ आली आहे, समासात फुली, आणि तळाशी तुझ्या अक्षरात दोन ओळी: 'मुलीला परवानगी आहे. तुला तेव्हाही नव्हती.' खाली तुझी सही.

खरं आहे. दुपारी तुझा डोळा लागला तेव्हा मीच कपाटातून वही काढली होती. बक्षीस घेऊन घरी आलो तर तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि काही बोलली नाहीस. तुला कळलंच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो.

पहिली ओळ तेवढी कापून बाईंना द्यावी, असं मनात आलं. कात्रीही घेतली. पण दोन्ही ओळी मिळून सही एकच आहे. तू मला पहिल्यापासून ओळखून आहेस. मुलगी बाईंच्या दाराशी उभी आहे, आणि मी सबंध कागद घेऊन निघालोय.