उजवा कौल

२ ऑक्टोबर
पहाटे जाग आली ती आवाजाने. भिंतीपलीकडे मोठी मुलं कविता म्हणतायत, सगळी एका चालीत, कडव्याच्या शेवटी पाटीवर थाप. डोळे उघडले तर पंख्याची घरघर. तो आवाज मी पहिलीत असतानाचा. एक शब्द कळायचा नाही. घरात माका-तुका, पुस्तकातली मराठी म्हणजे परमुलूखच. पण चाल कळायची. चालीचं बोट धरून आत शिरलो, पुढे जन्मभर शाळेत तेच शिकवलं.
आता म्हणायला कोणी नाही. शेजारच्या इनासची म्हैस तेवढी ऐकते.

५ ऑक्टोबर
नातीचा, मनूचा फोन. आवाज बसलेला. जर्मनीत थंडी पडली म्हणते, इथे खळ्यात पाय भाजतात. विषय निवडायचेत, मुदत संपत आली. नीट समजून घेतलं. दोन वाटा. एक, किनाऱ्याचा अभ्यास. इंग्रजीत. फेब्रुवारीत अख्खा वर्ग इथे, मालवणात येणार, कांदळवन बघायला. दुसरी, समुद्रतळाचा गाळ. सगळं जर्मनमध्ये, आणि पुढे संशोधन तिथेच. किती वर्षं, तिलाही ठाऊक नाही. मन गाळावर. भीती भाषेची.
"आबा, वर्गात सगळे हसतात ना, मी थोडी उशिरा हसते. कळून नाही, त्यांचं बघून."
बापाला विचार म्हटलं. तो जहाजावर.
"बाबांक काय विचारू? आई गेल्यावर वाढवलंस तू."
फेब्रुवारी. आंब्याला मोहोर असेल तेव्हा. तिची खोली झाडून, गादीला ऊन दाखवून...

६ ऑक्टोबर
पुन्हा मनू. "आबा, देवळात कौल लावून घे. बाबलकाकाक सांग. गाळाचो विषय माका झेपतलो काय, इतक्याच."
हसू आलं. इतक्या लांब जाऊन शिकते आणि कौल मागते. मग लक्षात आलं, तिलाही एकटीनं ठरवायचं नाहीये.

८ ऑक्टोबर
सकाळी देवळात. इनास रविवारी न चुकता चर्चला जाणारा, पण सोबतीला आला. पायरीवर बसून म्हणे, "मास्तर, तुमच्या देवीक जर्मन येता काय?"
"तुझ्या चर्चातल्या सायबाक येता?"
"आमच्या सायबाक पोर्तुगीज. ता पण इसारलो आसतलो."
बाबल गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या, दोन्ही अंगांना. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालायच्या आधी माझ्या कानाशी आला. "मास्तरांनू, तिच्या मनातला इचारू, काय तुमच्या?"
ओठांवर आलं होतं. पोर घरी येऊ दे, एवढंच म्हण रे बाबा.
"तिच्या," म्हटलं.
"बा देवी म्हाराजा, लेकरू परमुलखात आसा, परक्या भाषेत शिकता, तेका ह्यो इषय झेपतलो तर उजवो दी म्हाराजा..."
"होय म्हाराजा!" इनासचाच आवाज सगळ्यांत मोठा.
पाकळ्या हलेनात. मग डावी जराशी सुटली, लोंबली. बाबलने प्रश्न तिचा घातला, आणि मी उभा राहून डावी मागत होतो. माझ्या नातीला झेपू नये, अशी.
उजवी पडली.

९ ऑक्टोबर
सांगितलं. "उजवो," एवढंच. पलीकडे रडली, मग हसली.
"आबा, तू खूश आसस मां?"
"आसंय तर."
धडे मोठ्याने वाच म्हटलं. चाल नसली तर आपली लाव.
फोन ठेवल्यावर चुलीवर भात ठेवायचा राहिला.

१२ नोव्हेंबर
कापणी आटोपली. फोन कमी झालेत. आज मात्र ओरडतच बोलली, "आबा, स्वप्नात जर्मन बोलले! तू पण बोलत होतास!"
मी काय म्हटलं म्हणून विचारलं, तर आठवत नाही म्हणाली.
तिच्या स्वप्नातला मी माझ्यापेक्षा हुशार.

३ जानेवारी
परीक्षेत चांगली पास. शाबास म्हटलं. बोलताना शब्द शोधत थांबते आता.
"आबा, ता काय ता... भात झोडल्यावर उरतं..."
"पेंढा."
"हां, पेंढा!"
लहानपणी त्यातच लोळायची सगळी दुपार. अंगाला खाज सुटली की माझ्याकडे रडत.
संध्याकाळी कविता म्हणायला बसलो. दुसरं कडवं आठवेना. असं झालं की मनूलाच हाक मारायचो.

१५ फेब्रुवारी
मोहोर भरगच्च. खोली झाडली, कशाला कोण जाणे. चादर घातली, काढली.
दुपारी इनास धापा टाकत. "मास्तर, गोऱ्यांची बस इली बंदरार. पोरां चिखलात उतारतत. आपला मनू नाय त्यांच्यात. सगळी तोंडां बघून इलंय."
"तुका सांगितल्यान कोणी बघूक?"
किनाऱ्याचा विषय घेतलेला वर्ग तो. माहीत होतं नाही येणार. तरी.

१८ फेब्रुवारी
जेवायला बसणार तर दाराशी चाहूल. इनास असेल म्हणून बसल्या जागेवरून "ये रे" म्हटलं. कोणी आत येईना. उठून बघतो तर एक गोरी पोर. नाक उन्हाने सोललेलं, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, चपला हातात.
"लेना," छातीवर हात ठेवून म्हणाली. मग "मनू, लेना," आणि दोन बोटं जुळवून दाखवली. मनूबरोबर तिकडे राहणारी, त्या बसने आलेली असावी.
मग डोळे मिटून, पाठ केलेलं म्हणावं तसं, "आबा. माका. भूक. लागली."
हेल मनूचा. हुबेहूब. शेवटचा शब्द लांबवायची ती तसाच.
चौकटीला धरून उभा राहिलो. तोंडातून निघून गेलं, "मनू परत येतली काय गो?"
पोर हसऱ्या तोंडाने बघत राहिली. मनूने तिला भुकेचं तेवढं एकच वाक्य शिकवलेलं.