गोचिडांचा डबा

आई, तू कशानं गेलीस ते मला आता कळल्यासारखं वाटतंय, आणि कळून काडीचा उपयोग नाही. गेल्या आठवड्यात आम्हा आरोग्य सेविकांना एका तापाची माहिती द्यायला बोलावलं होतं. गुरांच्या गोचिडातून येतो म्हणे. गुराला काही होत नाही, ते आपलं रवंथ करत उभं. पण गोचीड नखानं चिरडला, त्याचं रक्त बोटाच्या भेगेत गेलं, की माणूस तापतं, अंग मोडून येतं, आणि मग कुणाकुणाच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त सुरू होतं. डॉक्टर सांगत होते आणि मला तुझा अंगठा दिसत होता.

रविवार म्हणजे आपल्या गाईचे गोचीड काढायचा दिवस, आणि ते काम माझं. तू मला रॉकेल घातलेला पत्र्याचा डबा दिला होतास. एकेक काढायचा, डब्यात टाकायचा. त्या रविवारी मी नाक मुरडलं. म्हटलं, मला शिसारी येते, मी नाही करणार. वाटलं, आता पाठीत धपाटा बसतो. तर तू डबा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलास. "शिसारी येती व्हय? जा मग. मी बघते." तुला कुठला डब्याचा धीर! दगडावर गोचीड ठेवायचा, नख दाबायचं, की पुढचा. ऊसतोडीनं त्या अंगठ्याला एवढाल्या भेगा पडलेल्या, चहाचा कप धरतानाही तू 'स्स' करायचीस.

चार दिवसांनी तू तापलीस. मग नाकाचा घोळणा फुटला. आत्या म्हणाली, "उष्णता झालीया, दुसरं काय न्हाई," आणि कांदा फोडून तुझ्या नाकाशी धरला. मी चमच्यानं तुला सब्जाचं पाणी पाजतेय, आणि ते लालसर होऊन ओठांतून परत येतंय. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, तर सुईच्या जागचं रक्त थांबेना. नगरला न्यायला तुला जीपमध्ये निजवलं, तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगणार. "डबा उघडाच हाय बघ गोठ्यात. रॉकेल उडून जाईल." एवढंच. मी डबा झाकून ठेवला. तू परत आली नाहीस.

माहिती संपल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. एका बाईचं असं असं झालं होतं, तीसएक वर्षं झाली, हाच ताप असेल का? भला माणूस. म्हणाला, "रक्त तपासल्याशिवाय कसं सांगू? डेंग्यूतही रक्त जातं." आता रक्त कुठून आणू गं? तुझी राखसुद्धा नदीला गेली.

परवा पाथर्डीकडच्या एका वस्तीवर गेले, तर एक बाई दगडावर गोचीड चिरडत बसलेली. तुझ्याच वयाची, म्हणजे माझ्याहून लहान. म्हटलं, बाई, हातानं चिरडू नका. "मग काय पायानं चिरडू?" म्हणाली आणि खळखळून हसली. मी तिला तापाचं सगळं सांगितलं, हातमोजे दिले. तिनं ते फुंकर मारून फुगवून पाहिले. "बुंदीचे लाडू वळायला बरे हायती. अवो, माझ्या आईनं जलमभर हेच केलं. काय झालं तिला?" तिला काही झालं नव्हतं, आई. तुझं सांगायचं सोडून मी पिशवी उचलून पुढच्या घरी गेले. मागे दगडावर नखाचा आवाज परत सुरू झाला होता.

तुझं सांगितलं असतं, तर तिनं विचारलं असतं, तुमी कुठं हुता तवा? हा कागद कुणाच्या हाती जायचा नाही, म्हणून लिहिते. मला शिसारी कधीच येत नव्हती. त्या रविवारी शेजारच्यांच्या टीव्हीवर सिनेमा लागणार होता, आणि मला पुढची जागा धरायची होती.