हँडब्रेकला हात लावू नको

चामोर्शी,
१५ जुलै २०२४

ती. स्व. दसरूभाऊस,
सा. न. वि. वि.

आज सोमवार. सकाळी पाऊस होता, दुपारी उघडला. वरणभात केला. मग गाडी सुरू करून पाहिली. ब्रेकचा लाल दिवा लागला तो विझला नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की ते सगळ्या गल्लीला कळते, म्हणून लिहिते. हे गेल्याला चार महिने झाले. तेरवीच्या दिवशी विक्कीने गाडी अंगणात लावली, तेव्हापासून हा दिवा आहे. विक्की म्हणतो, आई, ब्रेकचा दिवा म्हणजे जिवाशी खेळ, गाडी विकून टाक आणि नागपूरला माझ्याकडे चल. चार ऑगस्टच्या रविवारी तो गिऱ्हाईक घेऊन येणार आहे. तोपर्यंत दिवा विझला तर गाडी ठेव, एवढे मात्र त्याने कबूल केले.

यांनी मला अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकवली. ती गेली की इथे राहते म्हणून सांगायला माझ्याजवळ कारण उरणार नाही. पोचू मिस्त्री रोवण्याला गेला आहे. बांधीत धान लागल्याशिवाय पान्ह्याला हात लावत नाही म्हणतो. तू बत्तीस वर्षे फॅक्टरीत फिटर होतास. काय काय पाहायचे ते लिही.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
वच्छला

भद्रावती,
१९ जुलै २०२४

चि. वच्छलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. घाबरू नको. बॉनेट उघड. स्टिअरिंगच्या बाजूला मागे एक छोटी पांढरी बाटली दिसेल, तिच्यावर दोन रेघा असतात. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये आहे का पाहा. मग पुढच्या चाकाच्या जाळीतून बॅटरी मारून ब्रेकचे पॅड बघ. झिजून पातळ झाले असतील तर दिवा लागतो. वायरी उंदराने कुरतडल्या का तेही बघ. तुमच्याकडचे उंदीर धानावर पोसलेले, त्यांचे दात चांगले असतात.

हँडब्रेकला मात्र हात लावू नको. ती नाजूक वस्तू आहे. गुणवंतराव कधी ओढत नसत, चाकामागे दगड लावत, हे तू पाहिलेच आहे. त्यामागे शास्त्र आहे. ते पत्रात समजावता येणार नाही.

तुझी वहिनी विचारते, जेवतेस की नाही. मीही तेच विचारतो. लोभाला गंज चढू देऊ नको.
तुझा,
दसरूभाऊ

चामोर्शी,
२३ जुलै २०२४

ती. स्व. भाऊस,
सा. न. वि. वि.

जेवते. माझ्या नावाआधी सौ. लिहून खोडलेस ते दिसले. इतक्या वर्षांची सवय, हात चालून गेला असेल. मनाला लावून घेऊ नको.

तेल वरच्या रेघेला टेकले आहे. पॅड बोटाच्या पेराएवढे जाड आहेत. शेजारच्या अन्नपूर्णाने बॅटरी धरली होती. वायरी साबूत आहेत, उंदीर नाही, पण बॉनेटमध्ये बेडूक होता. अन्नपूर्णा म्हणे, हाच दिवा लावून राह्यला असन. आम्ही त्याला सोडून दिले. दिवा तसाच.

हँडब्रेक पूर्ण खाली बसलेला दिसत नाही, दोन खटके वरच आहे. पण तू हात लावू नको म्हणालास, म्हणून लावला नाही.

शेवटी अन्नपूर्णा म्हणाली की बाई, कायले डोकं खपवून राह्यली, दिव्यावर टिकली लावून दे, विक्कीले काय समजते. टिकल्यांचे पाकीट घरात होतेच, तसेही पडूनच होते. एकीतून लाल दिसत होते, म्हणून तिने एकीवर एक तीन लावल्या. आता काही दिसत नाही. खरे तर हे मला पटले नाही, पण रविवार जवळ आला आहे.

वहिनीला नमस्कार. माया आहे तितकी राहू दे.
तुझी,
वच्छला

भद्रावती,
२७ जुलै २०२४

चि. वच्छलास,
आशीर्वाद.

आधी त्या टिकल्या काढ. पत्र बाजूला ठेव, काढून ये, मग पुढे वाच.

बत्तीस वर्षांत मी कोणाला लाल दिवा झाकू दिला नाही. एकाने मशीनच्या दिव्यावर दुपट्टा टाकला होता, त्याच्याशी मी दोन वर्षे बोललो नाही. आता बहिणीनेच झाकला, तोही माझ्यामुळे. तीन दिवस जेवण गोड लागले नाही. तुझ्या वहिनीला वाटते, पोट बिघडले. ती मला ओव्याचे पाणी पाजून राह्यली.

तर ऐक. हँडब्रेकच्या दांड्याखाली जे कातडी कव्हर आहे ते वर उचल. आत खर्र्याच्या, त्या सुपारी-तंबाखूच्या पुड्या असतील. गुणवंतरावांनी मार्कंड्याला महादेवासमोर शपथ घेतली ती घरात खर्रा ठेवणार नाही अशी होती. गाडी घरात मोडत नाही, हा निकाल आम्ही दोघांनी मिळून दिला. जागा मीच दाखवली. दांडा ओढला तर पुड्या सरकतील म्हणून ते दगड लावत. विक्कीने तेरवीला ओढला, आणि त्या दांड्याखाली अडकल्या असणार. दांडा खाली बसला की दिवा विझेल. नाही विझला तर गाडी हलवू नको, मी एसटीने येतो.

शिव्या मला दे, त्यांना देऊ नको. आणि वहिनीला कळू देऊ नको, त्या पुड्यांत माझाही वाटा असे.

लोभ उरला असेल तर ठेव.
तुझा,
दसरूभाऊ

चामोर्शी,
४ ऑगस्ट २०२४

ती. स्व. भाऊस,
सा. न. वि. वि.

अकरा पुड्या निघाल्या. एक अर्धी खाल्लेली, तिला रबर नीट दुहेरी गुंडाळलेले. यांना अंथरुणाची घडी कधी नीट घालता आली नाही.

आधी राग आला. त्यांच्या फोटोकडे पाहून बोलावे म्हणून घरात गेले, पण तोंडून हसूच निघाले. मोठ्याने. अन्नपूर्णा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तिला वाटले मी रडते. तिने हात धरला, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, रडून घे बाई, चार महिने कोंडून ठेवलं. मी तिला काही सांगितले नाही. थोड्या वेळाने तिचे म्हणणे खरे झाले.

पुड्या खड्ड्यात पुरल्या. दांडा खट्‌ करून खाली बसला, दिवा विझला. टिकल्या आधीच काढल्या होत्या. गल्लीत हळूहळू चालवून ब्रेक दाबून पाहिले, ठीक आहेत.

आज विक्की आला. त्याने पाच वेळा गाडी सुरू केली, बंद केली. मग गिऱ्हाइकाला पोहे खाऊ घालून परत पाठवले. काय बिघडले होते त्याने विचारले, तर मी मामाने पत्रातून दुरुस्त केली म्हणाले. तो फार खूश झाला. त्याच्या गाडीचा एसी सहा महिन्यांपासून थंड करत नाही. पुढच्या रविवारी तो ती तुझ्याकडे आणणार आहे. तू शोधून ठेव काय सांगायचे ते.

वहिनीला काही कळवणार नाही. पण राखीला मी स्वतः गाडी चालवत येईन, आणि आल्याबरोबर तुझ्या स्कूटरची डिक्की पाहीन. माया कमी झालेली नाही, फक्त नजर ठेवून आहे.
तुझी,
वच्छला

ता. क. विक्की गिऱ्हाइकाच्या गाडीने आला होता, म्हणून चारच्या एसटीने गेला. त्यानंतर मी एकटीच गाडी घेऊन तळ्यापर्यंत जाऊन आले. गाडी लावली, पाय धुतले, आता भात टाकते.